डीमधली गाणी

जुन्या डिस्कचं फॉरमॅट शंभर टक्क्यांवर पोचलं तसा प्रज्ञेश खुर्चीत समाधानाने रेलला, आणि मायची गाणी उघडायला डी ड्राइव्ह शोधू लागला. डी कुठेच नव्हता.

त्याने पुन्हा पाहिलं. नव्या एसएसडीवरचा, म्हणजे आजच बसवलेल्या वेगवान डिस्कवरचा सी होता, कोरा करकरीत. खाली जुनी हार्ड डिस्क होती, तीही कोरी करकरीत.

नल्लकुंटा वस्तीतल्या या घरात एक गोष्ट लहानथोरांच्या डोक्यात पक्की बसलेली होती: महत्त्वाचं असेल ते डीमध्ये टाकायचं. पहिल्यांदा कॉम्प्युटर बसवून देणाऱ्यानेच तसं बजावलं होतं. सी बिघडतो, डीला काही होत नाही. पुढे विंडोज कितीदा बसली आणि कितीदा गेली, पण डी खरोखरच जसाच्या तसा राहिला. तेव्हा डी ही एक वेगळीच डिस्क आहे, असंच प्रज्ञेश धरून चालला. सकाळी एसएसडी जोडायला कॅबिनेट उघडलं तर आत जुनी डिस्क एकच! तिथेच ट्यूब पेटायला हवी होती, पण साहेबांना कसली घाई. सी आणि डी म्हणजे एकाच खोलीत पडदा सोडून केलेल्या दोन खोल्या, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बेत तर साधा होता. रोज लागणारं ते नव्या एसएसडीवर, ठेवणीतलं ते जुन्या डिस्कवर. विंडोज झटक्यात बसली. मग व्हिडिओत बघून त्याने जुन्या डिस्कला ‘क्लीन’चा हुकूम सोडला, म्हणजे जुन्या विंडोजचा कचरा जाईल. वर पूर्ण फॉरमॅटही लावलं. अर्धवट काम त्याला खपत नसे ना! दुपारभर तो कौतुकाने टक्के वाढताना बघत बसला होता.

त्याने ऑफिसातल्या अविनाशला फोन लावला. नुसतं ‘क्लीन’वर थांबला असतास तर दुकानात नेऊन काहीतरी परत मिळालं असतं, पण पूर्ण फॉरमॅटने सगळ्यावर शून्यं लिहिली, आता विषय संपला, असं अविनाश म्हणाला. दुसरी कॉपी असेलच की, असंही म्हणाला. दुसरी कॉपी नव्हती. ज्या मोबाइलवर गाणी भरली होती तो केव्हाच एक्सचेंजमध्ये गेला होता.

ती त्याच्या मायची, मालनबाईंची गाणी. परभणीकडच्या गावात जात्यावर बसून बाया म्हणायच्या ती, बरीचशी मायला तिच्या मायकडून आलेली. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात प्रज्ञेशने हौसेने ती रेकॉर्ड केली तेव्हा तिचा आवाज खणखणीत होता. गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि तेव्हापासून तिला दम पुरत नाही. बोलतानासुद्धा मध्येच थांबावं लागतं. म्हणून तर नांदेडला दिलेल्या बहिणीने, त्रिवेणीने, हट्ट धरला होता की या पौर्णिमेला विहारात मायचा तो पहिला आवाज सगळ्यांना ऐकवायचा. प्रज्ञेशने शब्द दिला होता. पण कॉम्प्युटर इतका रखडायचा की एक फाइल उघडेपर्यंत चहा उकळून निवायचा. तो फास्ट झाला की निवांत ऐकू, निवडून पाठवू, असं म्हणत त्याने एसएसडी आणली होती.

बायकोने, प्रियदर्शिनीने, सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही. सासूला ती आत्याबाई म्हणे; आत्याबाईंना तुम्हीच सांगा, एवढंच म्हणाली.

मागच्या खोलीत माय खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती. प्रज्ञेश तिच्यासमोर फरशीवर बसला.

“माय, तुझी गाणी पुसली गेली. माझ्याच हातून.”

तिने कशी काय ते विचारलं. त्याने पडद्याचं आणि खोल्यांचं जमेल तसं समजावलं. माय हातातली काडी मोडत शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारलं, त्यात कोणकोणती होती रे?

प्रज्ञेशने आठवून पाहिलं. त्याला फाइलींची नावं आठवली, नुसत्या तारखा आणि आकडे. ती गात होती तेव्हा त्याचं सगळं लक्ष मोबाइलकडे होतं, बटण नीट दाबलंय ना, बॅटरी पुरेल ना. नंतर गाणी डीमध्ये टाकली आणि तो निर्धास्त झाला. एकदाही उघडली नाहीत.

“नदीची होती का? तू झालास त्या दिवसाची?” मायने विचारलं.

“माझ्यावर गाणं आहे?”

मायने हातातली काडी परातीत टाकली. त्याला मान खाली घालावीशी वाटली.

“तुझ्यापुढंच म्हणलं होतं की,” ती म्हणाली.

तिने मेथीची परात बाजूला सारली. तांब्यातलं पाणी घोटभर प्याली आणि डोळे मिटून तिने सूर लावला. आवाज पार फाटका झाला होता. अर्ध्या ओळीत दम सरला, थांबली, पुन्हा तिथूनच उचललं. ओळीत पूर आलेली नदी होती, आणि पल्याड जायला निघालेली एक दिवस भरलेली बाई.

प्रज्ञेशने घाईघाईने खिशातून मोबाइल काढला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि तिच्या तोंडापुढे धरला.

माय गाता गाता थांबली. तिने डोळे उघडले. मोबाइल त्याच्या हातातून अलगद काढून घेतला आणि मेथीच्या परातीत पालथा ठेवला.

“आधी ऐक तरी,” ती म्हणाली.