सही-शिक्क्याचा कागद

"वहिनी, किटली बाजूला घ्या," म्हणला त्रिंबक सेक्रेटरी, अन् सुंदरबाईच्या खपल्या धरलेल्या हाताकडं बघून त्यानं मापच पालथं घातलं.

डेअरीपुढं दुधाची रांग लागलेली. दुष्काळात गावात दूध देणाऱ्या गायी उरल्यात किती? त्यातली एक सुंदरबाईची, छावणीतल्या चाऱ्यावर जगवलेली. तिच्यावरच घर. अन् ह्यो आठ दिवसांपासून एकच म्हणतोय, लोकं तक्रार करतेत, तुमचा रोग लागतो.

पण आज संगं रेखा आलती. सुंदरबाईची लेक, अंबाजोगाईला कॉलेजात शिकती. तिनं दवाखान्याचा कागद काढला अन् सुटलीच, दम न घेता.

"सोरायसिस हाय हे, काका! हात लावून लागत न्हाई. अंगातले शिपाई रोगाशी लढायचं सोडून आपल्याच कातडीवर उठतेत. आईच्या रक्तात तशी खूण सापडली. जीनमधी असतंय ते. पिढीतून येतंय. आजीला बी व्हतं!"

"दुधातून न्हाई येत?"

"न्हाई हो! हे बघा, सही-शिक्का."

त्रिंबकनं माप सुलटं केलं. "वता मंग, वहिनी."

तेवढ्यात रांगेतून राधाकिशन पुढं सरकला. रेखाचा व्हणारा सासरा. मागल्या बुधवारीच सुपारी फुटलीती.

"आजीकडून आईला," त्यो हळूच म्हणला. "अन् आईकडून?"

रेखाचं तोंडच उतरलं. "तसं न्हाई मामा, सगळ्यालाच व्हतं असं न्हाई, पुढं लिवलंय बघा..."

पुढचं कोण ऐकतंय? राधाकिशन तिच्या कोपरावर खपल्या हायेत का ते बघत व्हता.

सुंदरबाईनं वतायला उचललेली किटली खाली ठिवली. झाकण दाबून बसवलं.

"पोरीला काय कळतंय, त्रिंबकभाऊ? लागतंयच हे. माझ्या मायचं गजकर्ण व्हतं. मला उसाच्या फडात लागलं, एका बाईचं. पोरगी तर व्हस्टेलात राहती, तिला कुठून व्हईल?"

"आई! कावून खोटं बोलती?"

सुंदरबाईनं कागद तिच्या हातातून वढला, चुरगाळून कनवटीला खवसला अन् भरली किटली उचलली. रेखा रडकुंडीला येऊन तिचा हात धरायला गेली.

सुंदरबाई दोन पावलं मागं सरली.

"लांब व्हय," सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणली. "लागंल."