शांत झाली

“विझली मेली पुन्हा!” नवऱ्याच्या कबरीशी बसलेल्या फिलोमिनाबाई करवादल्या. मृतांच्या स्मरणदिनी अख्खी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळली होती. वसईच्या खाऱ्या वाऱ्यात त्यांचीच तेवढी टिकत नव्हती.

“विझली म्हणू नये, आई. शांत झाली म्हणावं,” सुमेधा बोलून गेली आणि तिने जीभ चावली. ती हिंदू घरातून सून होऊन आली, तेव्हापासून सासूबाई तिच्याशी कामापुरतंच बोलत.

सासूबाई रागावल्या नाहीत. कबरीवरच्या नावावरून त्यांचा हात फिरत राहिला. “खरंय. फार तळमळले गं शेवटी. मग शांत झाले.”

सुमेधाने समईच्या सवयीने लांब वात चिमटीत धरून खुडली, मेणबत्ती फुलांच्या कुंडीआड रोवून पेटवली आणि ओंजळीचा आडोसा केला. ज्योत जरा फडफडली, मग धूर न सोडता सरळ उभी राहिली.

उठताना सासूबाईंनी तिचा हात धरला. “तुझी माहेरची समई मी माळ्यावर टाकलीय ना, ती उद्या उतरव. मरियामातेपाशी लाव. आणि शांत कशी करायची, ते मला शिकव.”