साडूचे बेडूक

बोंडअळीनं अख्ख्या फुलसावंगीची कपाशी खाल्ली, त्या साली उकंडरावचा साडू शेषराव मात्र हरभरा काढून मिशीत हसत होता. सरकारी योजनेतून त्याचा नाला खोल झाला होता, वर बंधारा बांधला होता. आता त्याचा फायदा मोजायला यवतमाळहून पथक येणार होतं. पाणी किती, गाळ किती, बेडूक किती.

"म्हणजे आता त्याचे बेडूकबी साहेब लोक मोजतीन!" उकंडरावनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"मग तुमच्या पोटात काहून दुखते?" बायको शीला म्हणाली. "पुढच्या टप्प्यात आपल्याच नाल्याचा नंबर आहे नं?"

पण उकंडरावला दम निघेना. भरदुपारी त्यानं साडूच्या नाल्यातले होते नव्हते तेवढे बेडूक धरले आणि ते उड्या मारणारं पोतं खांद्यावरून आणून आपल्या नाल्यातल्या डबक्यात रिकामं केलं. पथक आलं, दोन्ही नाले फिरलं, मोजून गेलं.

महिन्याभरानं अहवाल आला.



"शेषराव यांच्या नाल्यात जीवसृष्टी आढळली नाही, आणखी दोन बंधारे द्यावेत. उकंडराव यांचा नाला मुळातच समृद्ध आहे, त्याला हात लावू नये."