काचेवरचं कुंकू

दाराने हेमाताईचा श्वास हुंगला आणि लाल पट्टी पेटवली. "पाहुण्यांना सर्दीची लागण आहे. आत रुग्ण आहे. प्रवेश नाही."

ती सकाळच्या बसने कऱ्हाडहून भावाकडे भाऊबिजेला आली होती. हातात ओवाळायचं ताट होतं.

"रेवती, जरा नाक वाहतंय एवढंच. मास्क लावते, लांबूनच ओवाळते आणि जाते."

काचेपलीकडून भावजय म्हणाली, "वन्सं, गोळ्यांनी यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय. साधी सर्दीही अंगाशी येते."

"ते मला नको सांगूस. किडनी माझीच आहे ना!"

"रुग्णाची संमती असल्यास मास्कसह पाच मिनिटं प्रवेश मिळेल," दार म्हणालं.

दोघींनी निशिकांतकडे बघितलं. नवा झब्बा घालून तो सोफ्यावर बसला होता. त्याने घड्याळ बघितलं.

"ताई, माझ्या गोळीची वेळ झाली गं. ती चुकवून चालत नाही. आपण व्हिडिओवर बोलू."

हेमाताईने निरांजन लावलं. काचेत त्याचं कपाळ दिसत होतं, तिथे कुंकू टेकवलं, ओवाळलं आणि ती जिना उतरून गेली.

दाराने लगेच बाहेरून जंतुनाशक फवारलं आणि काच लख्ख पुसून घेतली. पट्टी हिरवी झाली.

"आता धोका नाही."

"बरं झालं," निशिकांत म्हणाला. ताईच्या किडनीला त्याच्या शरीराने परकं मानू नये, यासाठीची गोळी त्याने अगदी वेळेवर गिळली.