नवी आवृत्ती

आमच्या ऑफिसातले सगळे प्रोग्राम आजोबांनी लिहिलेले. आजोबा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने प्रोग्रामर. त्या प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातून नेमकी तीच जुनी कमांड काढून टाकली, जी आजोबांनी जागोजागी वापरली होती.

"नवी आवृत्ती घेतली तर सगळं बंद पडेल," मी मीटिंगमध्ये म्हणालो.

"घेऊन टाका रे! जुन्याला किती दिवस कवटाळून बसणार?" हे चक्क आजोबा म्हणाले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. महिनाअखेरीला हे निवृत्त होणार, म्हणजे मागचं निस्तरायचं आम्ही!

पण नवी आवृत्ती चढवली आणि कुठेच काही अडलं नाही. आजोबांनी गुपचूप एकेक प्रोग्राम आधीच दुरुस्त करून ठेवला होता. मला माझीच लाज वाटली.

एक तारखेला बघतो तर आजोबा आपल्या खुर्चीत, चहा पीत.

"तुम्ही अजून इथे?"

"मला कुठे पत्र आलंय?"

मी धावत जाऊन सगळ्या प्रोग्रामची यादी तपासली.



एकशे तेरापैकी एकच प्रोग्राम त्यांनी जुना ठेवला होता. निवृत्तीची पत्रं काढणारा.