अठरावी खुंटी

खुंट्या पुन्हा हलल्या होत्या. सलग चौथ्या सकाळी. आर्किटेक्टबाईंचा पारा चढला. संग्रहालयाच्या नव्या दालनाची भिंत त्यांनी सरळसोट आखली होती आणि कुणीतरी ती रोज वाकडी करत होतं.

दालन त्यांनी जुन्या दगडी इमारतीच्या खिडक्यांहून बुटकं ठेवलं होतं. थोरल्यासमोर धाकट्याने आवाज चढवायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. घोर होता तो अंगणातल्या दोनशे वर्षांच्या तुतीचा. समितीने बजावलं होतं, झाड वाळलं तर काम बंद. आणि बाईंचं हे पहिलंच मोठं काम होतं.

पाचव्या दिवशी त्या कामगारांच्या आधी येऊन बसल्या. चोर सापडला. संग्रहालयाचा म्हातारा माळी! एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात आपल्या शेळीची दोरी.

"काका, हा काय खेळखंडोबा मांडलाय?"

"तुमची रेघ सरळ आहे, मॅडम. मुळं सरळ चालत नाहीत."

त्याने बाईंच्या रेघेवरची माती उकरली. वीतभर खाली मांडीएवढं मूळ निघालं. भिंतीचा पाया बरोबर त्यावरूनच जाणार होता.

त्यांनी आपला नकाशा गुंडाळला आणि अंगणातल्या खुंट्या मोजल्या. अठरा भरल्या. अठरावी बाकीच्यांपासून बरीच लांब होती. माळी तिच्याबद्दल काहीतरी सांगू पाहत होता, पण बाई ऐकतात कसल्या! "आता एक शब्द नाही, काका. खुंट्या आहेत तशाच राहणार." त्यांनी ती वाकडीतिकडी रेघ जशीच्या तशी कागदावर उतरवली. समितीपुढे तासभर भांडल्या, पण एकही खुंटी तसूभर सरकू दिली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी तुती पालवीने भरून गेली होती. अध्यक्ष भिंतीच्या सर्वांत मोठ्या वळणात थबकले. तिथून झाड आणि त्यामागची जुनी इमारत एका नजरेत मावत होती.

"सगळ्या दालनाचा जीव या वळणात आहे," ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माळ्याला हाताला धरून पुढे आणलं.

"हे वळण यांचं! काका, सांगा सगळ्यांना, इथं केवढं मूळ आहे ते."

माळी ओशाळला. डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळत म्हणाला, "मूळ कसलं, मॅडम? इथं मी शेळी बांधायचो. तुतीच्या पाल्याला तोंड लागू नये म्हणून जरा लांब."