खिडकीवरची वाकळ

केसरबाईनं खिडकीवर वाकळ ठोकली, दाराला कडी घातली आणि सुनेला बजावलं, "गिरान सुटंस्तवर जागचं हलायचं न्हाई."

नीलाला शिसारी आली. बौद्धाच्या घरात ग्रहण पाळायचं? नवरा हिंदुराव कंपनीत गेला होता, नाहीतर त्यानं आईला चार शब्द सुनावले असते. भर दुपारी सारी पिंपरी चिडीचूप होती. लोकांनी भीतीनं दारं लावून घेतली होती, आणि आता त्यांत या घराची भर.

खोली कोंदट झाली होती. केसरबाई मिशरी लावून डब्यात थुंकत होती आणि त्या वासानं नीलाला उमासे येत होते. तिला सातवा महिना होता. पहिलं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी घरातले सगळे तिला जपत होते. पण जपायचं म्हणजे उपाशी कोंडायचं, हे खूळ नवीन होतं. मागच्या आठवड्यात राजगुरुनगरला एका लग्नाला जाऊन आल्यापासून म्हातारीचं तोंड वाकडंच होतं. आज तर ती बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाठ करून बसली होती. लाज वाटत असेल, दुसरं काय, नीलाच्या मनात आलं.

डोळे मिटून ती राजगुरुनगरला माहेरी जाऊन पोचली. ओसरीवर भाऊ किसन, चुलीपाशी आई. आईनं टोपलीभर देव भीमेत सोडले तेव्हा लहानगी नीला तिचा पदर धरून पाण्यात उभी होती. आई आज इथं असती तर तिनं आधी ही घाणेरडी वाकळ ओढून काढली असती आणि मग गरम भाकरी पुढ्यात ठेवली असती. नीलाचे डोळे भरून आले.

"माझ्या आईनं असलं काही केलं नसतं, आत्याबाई," ती म्हणाली.

केसरबाई डब्यात थुंकली. "शेजारी कुनी इचारलं, तर अंगात कसकस व्हती म्हनून सांग," एवढंच ती बोलली.

ग्रहण सुटलं, कडी निघाली. दिवेलागणीला रिकाम्या एस.टी.नं किसन आला. नीलानं त्याला टेकूही दिलं नाही, दारातच सासूच्या कागाळ्या सुरू केल्या. तो सरळ आत गेला आणि केसरबाईच्या पाया पडला.

"मावशी, आई सकाळपास्नं पान्यावाचून बसलीया. त्या लग्नात तिनं तुमचं पाय धरलं तरी तुमी न्हाईच म्हनत व्हता. शेवटी गिरान पाळायचा दिलेला शब्द पाळला का, तेवढं बघून ये म्हनाली."